सोमवारचे थेंब

पद्मजा मगदूम मिरजेतल्या त्या शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागली तेव्हा तिला आठवड्याला चौदा तास मैदान मिळत होतं. बारा वर्षांनी त्यातले तीन उरले, तेही वेळापत्रकाच्या कागदावर.

ते तास कुणा एकाने हिसकावून घेतले नव्हते. ते झिजत गेले. मैदानाचा पूर्वेकडचा तुकडा नव्या इमारतीखाली गेला. उन्हाळा दर वर्षी थोडा थोडा अलीकडे सरकत फेब्रुवारीत येऊन बसला, आणि पारा अडतीसच्या वर गेला की मुलांना उघड्यावर काढायचं नाही असा नियम निघाला. नियम चुकीचा नव्हता. आदल्या वर्षी जिल्ह्यातली दोन मुलं उष्माघाताने गेली होती. पावसाळ्यात चिखलात घसरून एकाचं मनगट मोडलं, त्याच्या वडिलांनी शाळेला वकिलाची नोटीस धाडली आणि पावसाळाही बंद झाला. राहिला हिवाळा. हिवाळ्यात इतर शिक्षकांना पोर्शन संपवायचा असे. मुख्याध्यापक कुरणे सर ओशाळं हसत तिच्या टेबलापाशी येत आणि म्हणत, "मॅडम, तुमचा तास तेवढा द्या की आज."

पद्मजा गप्प बसणाऱ्यातली नव्हती. खो-खोत ती राज्यापर्यंत खेळलेली होती. सहा वर्षांत तिने शिक्षण खात्याला एकेचाळीस अर्ज केले. प्रत्येक मुलाला रोज एक तास मोकळं खेळायला मिळालं पाहिजे, एवढीच मागणी. पालकांना घेऊन ती सांगलीला साहेबांना भेटून आली. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला, तळमळीचं कौतुक केलं आणि अर्ज ठेवून घेतला.

त्याच वर्षी शाळेत आरोग्य तपासणी झाली. तिसरीच्या एका वर्गात अडतीस मुलं होती, त्यांतल्या अकरांच्या यकृतावर चरबी निघाली. तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरने पडद्यावरचं एक चित्र तिला दाखवलं. "हे बघा मॅडम. हे लिव्हर पन्नाशीतल्या माणसाचं वाटतंय का नाही? आठ वर्षांचा आहे हा."

घरी आल्यावर ती बराच वेळ चपला न काढता तशीच बसून राहिली. मग तिने नीलूला फोन लावला.

नीलू म्हणजे डॉ. निलोफर जमादार. दोघी एकाच गल्लीत वाढल्या, एकाच संघातून खेळल्या. नीलूसारखी हुलकावणी द्यायला जिल्ह्यात कुणाला जमत नसे. पुढे ती बंगळुरूच्या एका संस्थेत स्नायूंवर संशोधन करू लागली आणि तिथेच रमली. लग्न तिने केलं नाही. पद्मजाच्या मुलीला, चंदनाला, मात्र दर वाढदिवसाला तिच्याकडून न चुकता बूट येत.

नीलू दिवाळीच्या सुट्टीत मिरजेला आली, शाळेत आली आणि शिक्षकांच्या खोलीत खुर्च्या मांडून सगळ्यांना तिने आपलं काम समजावून सांगितलं. बोलायची तिची पद्धत साधी होती.

"आपण पळतो, उड्या मारतो तेव्हा स्नायू नुसते आखडत-सैल होत नाहीत," ती म्हणाली. "ते रक्तात काही रेणू सोडतात. शंभराहून जास्त प्रकारचे. हे रेणू म्हणजे निरोप. एक निरोप हाडाला जातो, की घट्ट हो. एक यकृताला, की चरबी जाळ. एक मेंदूला, की नव्या जोडण्या कर, नीट झोप. व्यायामाचे म्हणून जे फायदे आपण सांगतो, ते बहुतेक या निरोपांमुळे होतात. आम्ही त्यातले महत्त्वाचे नऊ रेणू प्रयोगशाळेत बनवले आहेत आणि ते आठवडाभर रक्तात टिकतील अशा आवरणात घातले आहेत. सोमवारी जिभेखाली तीन थेंब. आठवडाभर शरीराला वाटतं, रोज तासभर खेळून झालंय."

"यात अंडं-बिंडं नाही ना?" कुरणे सरांनी विचारलं.

"नाही सर. सगळं बुरशीपासून केलेलं आहे."

"मग ठीक."

लोक हसले. पद्मजा हसली नाही. ती म्हणाली, "नीलू, मी खेळ मागत होते. तू औषध आणलंस."

"तुला खेळ कुणी दिला का? सहा वर्षं मागतेयस." नीलूने तिच्याकडे सरळ पाहिलं. "पद्मा, मैदान मिळेपर्यंत ही पोरं आजारी पडायची थांबणार नाहीत. हे तात्पुरतं समज. मैदान मिळालं की बंद करू."

पद्मजाला ते पटलं. तिच्या जागी कुणालाही पटलं असतं. चाचणीसाठी पालकांची संमती लागत होती, आणि लोक नव्या औषधाला बिचकत होते. पद्मजाने तीन रविवार सभा घेतल्या. अकरा मुलांची यकृतं पडद्यावर दाखवली. "मी बारा वर्षं तुमच्या मुलांना पळवतेय," ती म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवा." चारशे बारा पालकांनी सह्या केल्या. त्या बहुतेक तिच्याकडे बघून केल्या, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

चंदना त्या वर्षी पहिलीत होती. तिला मात्र थेंब मिळाले नाहीत. पाचव्या वर्षी तिला मधुमेह निघाला होता, शरीरात इन्सुलिनच तयार न होणारा. दंडावर चिकटवलेलं छोटं यंत्र दिवसभर साखर मोजत असे आणि कमरेचा पंप इन्सुलिन सोडत असे. थेंबांमुळे स्नायू आपोआप साखर खेचून घेतात. पंपाचं इन्सुलिन आणि थेंब एकत्र आले तर साखर एकदम तळाला जाण्याची भीती होती. अशा मुलांना चाचणीतून वगळायचं, असं कागदात स्पष्ट लिहिलेलं होतं. पूर्ण शाळेत अशी ती एकटीच.

पहिल्याच वर्षात निकाल डोळे दिपवणारे आले. अकरापैकी नऊ यकृतं स्वच्छ झाली. मुलांची हाडं भरली, झोप सुधारली. वर्गात मुलं शांत बसू लागली, आणि हे शिक्षकांना सगळ्यात जास्त आवडलं. दुसऱ्या वर्षी राज्यभरातल्या शाळांत सोमवारच्या प्रार्थनेनंतर थेंब सुरू झाले. शिक्षण खात्याच्या पुस्तिकेत पद्मजाचा फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, 'मैदानावरच्या एका शिक्षिकेचा ध्यास'.

मैदान मिळालं की थेंब बंद करायचे, हे त्या पुस्तिकेत कुठेच नव्हतं.

तिसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात एकदा हवा चांगली गार पडली. पारा सव्वीसवर होता. पद्मजाने कुरणे सरांकडून हट्टाने एक तास मागून घेतला आणि चौथीचा वर्ग उरलेल्या मैदानावर काढला. कपाटातून धूळ झाडून एक चेंडू आणला आणि मुलांच्या मधोमध टाकला.

चेंडू दोन टप्पे घेऊन घरंगळत गेला. तो एका मुलाच्या बुटाला लागून थांबला. मुलाने खाली पाहिलं आणि पाय बाजूला घेतला.

पद्मजा वाट पाहत राहिली. मुलं आजारी दिसत नव्हती. उलट इतकी निकोप पोरं तिने कधी बघितली नव्हती. सरळ पाठी, तजेलदार चेहरे. ती दोघं-तिघं करून उन्हात बसली आणि गप्पा मारू लागली.

"अरे, खेळा की," ती म्हणाली.

श्रेयांश खोत नावाचा मुलगा उठला. गुणी मुलगा होता. "काय खेळू मॅडम?"

"तुला काय खेळावंसं वाटतं?"

त्याने खरंच विचार केला. तो टाळत नव्हता, आत कुठेतरी शोधत होता. मग म्हणाला, "तुम्ही सांगा. किती वेळ खेळायचं?"

तिने शिवणापाणी सांगितलं. मुलं उठली आणि खेळली. ज्याच्यावर राज्य होतं तो दुसऱ्याकडे जाई, त्याला हात लावी. दुसरा म्हणे, "बरं." मग तो तिसऱ्याकडे जाई. कुणी ओरडलं नाही, कुणी रडीचा डाव खेळलं नाही, कुणी भांडलं नाही. तिने शिट्टी वाजवली तेव्हा सगळी एकदम थांबली आणि रांगेत उभी राहिली. कुणालाही धाप लागली नव्हती.

तास संपला की 'मॅडम, अजून पाच मिनिटं' म्हणून ओढणारी मुलं तिने वर्षानुवर्षं बघितली होती. त्या ओढाओढीला ती तेव्हा वैतागायची.

त्या दिवसापासून ती मुलांकडे नीट बघू लागली आणि तिला सगळीकडे तेच दिसू लागलं. मधल्या सुट्टीत जिन्यावर दोन-दोन पायऱ्या उडी मारून उतरणारं कुणी उरलं नव्हतं. पाण्याच्या टाकीच्या कठड्यावरून तोल सावरत चालणारं कुणी नव्हतं. आणि हे बदल होत असताना ती, जिचं कामच हे बघणं होतं, पुस्तिकेतल्या फोटोवर खूश होती.

तिच्या घरात मात्र उलटं होतं. चंदना आठ वर्षांची झाली होती आणि एक क्षण जागेवर ठरत नव्हती. शाळेतून आली की दप्तर टाकून बाहेर. अपार्टमेंटमधल्या प्रत्येक दाराची घंटी वाजवायची. "काकू, सान्वी खेळायला येते का?" सान्वी यायची, अगदी प्रेमाने यायची, आणि पायरीवर बसायची. चंदना तिच्याभोवती लंगडी घालत फिरायची. दहा मिनिटांनी सान्वी म्हणायची, "तू बस ना गं. मला बघूनच कसंतरी होतं."

मग चंदना एकटीच खेळायची. दोन्ही बाजूंनी तीच. इकडून राज्य घ्यायचं, तिकडे पळून जायचं, पुन्हा इकडे येऊन "आऊट" म्हणायचं. पद्मजा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि हातातलं काम टाकून खाली जायची. चाळिशी उलटलेली, एक गुडघा कामातून गेलेला. पंधरा मिनिटं पळायची आणि कठड्याला टेकायची.

"दमलीस?" चंदना विचारायची.

"जरा."

"मी थांबते." ती आईशेजारी थांबायची, एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत, आई पुन्हा कधी उठते याकडे बघत.

पद्मजाने नीलूला फोन केला आणि जे पाहिलं ते सांगितलं. नीलू म्हणाली, "उंदरांमध्ये आम्हाला हे दिसलं होतं. पिल्लं कमी झोंबायची. आम्हाला वाटलं, शांत झालीत." दोन महिन्यांनी ती मिरजेला आली, यंत्रं घेऊन. तीस मुलं तपासली, आणि तुलनेसाठी चंदनालाही. मग पद्मजाच्या घरी टेबलाशी बसून तिने सांगितलं. पद्मजाचा नवरा अभिनंदन रेल्वेच्या सिग्नल विभागात होता. तोही त्या दिवशी घरी होता.

"खेळणं ही भूक आहे," नीलू म्हणाली. "जेवणासारखी. वासराला दोन दिवस बांधून ठेवा आणि सोडा, ते दुप्पट उधळतं. कारण भूक साठलेली असते. मेंदूच्या मध्यभागी एक छोटा भाग आहे, तो पिल्लाला ढोसतो, ऊठ, पळ, झोंब. पुरेसं खेळून झालं हे त्याला कसं कळतं? स्नायूंच्या निरोपावरून. त्या नऊ रेणूंमधल्याच दोन रेणूंवरून."

"म्हणजे थेंब त्याला सांगतात, की झालं खेळून," अभिनंदन म्हणाला.

"चोवीस तास सांगतात. या मुलांना तीन वर्षांत एकदाही खेळाची भूक लागलेली नाही."

"मग बंद करा थेंब," पद्मजा म्हणाली. "आज बंद करा. भूक लागेल."

नीलूने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "जन्मापासून मोतीबिंदू असलेलं मूल असतं ना, त्याचं ऑपरेशन लहानपणीच करावं लागतं. आठ-दहा वर्षांनी केलं तर डोळा स्वच्छ होतो, पण दिसत नाही. डोळ्यामागचा मेंदू न वापरल्यामुळे तयारच झालेला नसतो. खेळाच्या भुकेचंही तसंच असावं. सहा ते दहा वर्षं हा तिचा काळ. या मुलांमध्ये तो भाग वाळलाय, पद्मा. चंदनाचा मात्र ठणठणीत आहे."

"असावं, म्हणालीस. खात्री नाही तुला."

"नाही. खात्री करायची तर काही मुलांचे थेंब बंद करून बघावे लागतील."

पद्मजा पुन्हा पालकांकडे गेली. या वेळी सभेला लोक आलेच नाहीत, म्हणून घरोघर गेली. बारा जण तयार झाले, तेही जुन्या ओळखीखातर. बारा मुलांचे थेंब बंद झाले. रोज सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत, पद्मजा त्यांना मैदानावर आणू लागली. लंगडी, लगोरी, साखळी, खो-खो, तिला येत होतं ते सगळं. मुलं वेळेवर यायची, सांगितलं ते करायची, आणि ती वळली की बसायची. एक महिना गेला, दुसरा गेला. तिसऱ्या महिन्यात तपासणी झाली. बारांपैकी आठ मुलांची वजनं वाढली होती, दोघांच्या यकृतावर पुन्हा चरबी धरू लागली होती. खेळावंसं एकालाही वाटत नव्हतं.

श्रेयांशचे वडील सुकुमार खोत टेम्पो चालवत. ते टेम्पो शाळेच्या फाटकाशी उभा करून आत आले. रागाने बोलायला आले होते, पण तिचा चेहरा बघून त्यांचा आवाज खाली आला.

"मॅडम, तुम्ही म्हणाला थेंब द्या, दिले. तुम्ही म्हणाला बंद करा, बंद केले. आता पोरगं पुन्हा धापा टाकाय लागलंय. आता काय करू सांगा."

ती म्हणाली, "सुरू करा."

"मग हे तीन महिने कशाला?"

"माझं चुकलं."

खोत जायला वळले. "तसा तो खूश असतो हो," ते म्हणाले, जणू तिचीच समजूत काढत होते. "कधी कशाचा हट्ट नाही. आमच्या लहानपणी आम्ही किती मार खाल्ला खेळण्यापायी." आणि ते गेले.

नीलूने आपला अहवाल राज्याच्या समितीपुढे ठेवला. पद्मजा तिच्यासोबत गेली होती. समितीतल्या लोकांनी तो पूर्ण वाचला होता, हे त्यांच्या प्रश्नांवरून कळत होतं. ती माणसं वाईट नव्हती. अध्यक्षबाई शेवटी म्हणाल्या, "डॉक्टर, मुलं निरोगी आहेत, समाधानी आहेत, अभ्यास करतात. यात नेमका आजार कुठला, त्याचं नाव सांगा. थेंब थांबवले तर किती मुलांना मधुमेह होईल तो आकडा माझ्याकडे आहे. खेळावंसं न वाटण्याचं नुकसान किती, त्याचा आकडा तुमच्याकडे आहे का?"

नीलूकडे तो नव्हता. पद्मजाने उठून बोलायचा प्रयत्न केला. तिला सांगायचं होतं की खेळणारं मूल हरायला शिकतं, पडायला शिकतं, स्वतःहून काही मागायला शिकतं. पण आपण मुद्दा मांडतोय की गाऱ्हाणं, हे तिचं तिलाच कळेना, आणि ती मध्येच खाली बसली.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात तिला कुरणे सरांनी बोलावलं. चंदना आता चौथीत होती. मधल्या सुट्टीत तिने सान्वीला मागून येऊन शिवलं होतं. "तुझ्यावर राज्य," म्हणत धक्का दिला होता. धक्का काही मोठा नव्हता. पण सान्वी सरळ तोंडावर पडली. तिचे हात पुढे यायला उशीर झाला. समोरचे दोन दात गेले.

"पडायचं कसं हेच माहीत नाही हो या पोरांना," पद्मजा म्हणाली.

"असेल तसं, मॅडम. पण बाकी चारशे मुलं एकमेकांना ढकलत नाहीत. पालक मला विचारतात, ही एकच मुलगी अशी का." कुरणे सर कागद नीट लावत राहिले. "आता मधुमेहाच्या मुलांसाठीही नवे थेंब आलेत म्हणे. सौम्य."

आले होते. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. उलट चंदनाला ते इतरांपेक्षा जास्त उपयोगी होते. ती एकटीच कधी बेफाम पळायची, कधी रुसून दिवसभर पडून राहायची, आणि त्यामुळे तिची साखर वर-खाली हिंदकळत असे. मे महिन्यात एकदा ती जिन्यात घेरी येऊन पडलीही होती.

"देऊ या," अभिनंदन म्हणाला. "पद्मा, तुला वाटतं मला कळत नाही. पण मी तिला रोज त्या जिन्यात एकटीला बघतो. काय राखतोय आपण, आणि कुणासाठी?"

पद्मजाने दोन आठवडे काही ठरवलं नाही. सान्वीच्या घराचं दार चंदनाला बंद झालं होतं. वर्गात तिच्या बाकावर कुणी बसत नसे. छळ वगैरे काही नव्हता. मुलं तिच्यापासून नुसती जराशी लांब सरकत.

एका रविवारी दुपारी पद्मजा कपडे घड्या घालत होती. चंदना येऊन तिच्याशेजारी बसली. चक्क बसली. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते, पाय हलू नयेत म्हणून अंगठे फरशीवर रोवले होते.

"आई, मला पण थेंब दे."

"कशाला गं?"

"मला बसता येत नाही." ती खाली बघत होती. "मी खूप प्रयत्न करते. शंभर मोजते, दोनशे मोजते. मग पाय आपोआप हलतात, आणि सगळे माझ्याकडे बघतात. मला नाही पळायचं, आई. मला सान्वीजवळ बसायचंय."

पद्मजाने घडी बाजूला ठेवली.

तिने नीलूला फोन केला. "दोन वर्षं थांब," नीलू म्हणाली. "अकरा पूर्ण होऊ देत तिला. तोवर तो भाग पक्का होईल, मग थेंब दिले तरी कदाचित टिकेल. आत्ता दिलेस तर जाईल, कायमचं. पद्मा, तुमच्या शाळेत ती एकटी आहे जिच्यात ते शिल्लक आहे."

"शिल्लक आहे, म्हणून काय करू? दोन वर्षांनी ती कुणाबरोबर खेळणार आहे?"

"पुढेमागे इतर मुलं जन्मतील. आपण थेंबांतून ते दोन रेणू वगळायला शिकू. मी त्याच्यावरच काम करतेय."

"किती वर्षं लागतील?"

नीलू खोटं बोलत नसे. "दहा. जास्तही."

"आता कुठे नऊ पूर्ण होतील तिला, नीलू. तिच्याबरोबर जेवायला एक जण बसत नाही."

"तू खेळ तिच्याबरोबर."

"मी खेळते," पद्मजा म्हणाली. "मी तिची आई आहे. तिला पोर पाहिजे."

नीलू रडत होती की काय, ते फोनवर कळलं नाही. "माझ्याकडून परवानगी मागू नकोस," ती एवढंच म्हणाली. "मी देणार नाही." त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. वाढदिवसाला बूट आले, पण आत चिठ्ठी नव्हती.

बूट आले त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी पद्मजाने चंदनाला खिडकीपाशी उभं केलं. शाळेत रांगेत नको, घरीच देते, असं तिने सांगितलं होतं. चंदनाने जीभ वर केली. पद्मजाने तीन थेंब सोडले. आपला हात स्थिर आहे याचंच तिला भय वाटलं.

"कसे लागले?"

"गोडसर," चंदना म्हणाली आणि नाचत शाळेला गेली.

चार आठवडे काही फरक दिसला नाही. पाचव्या आठवड्यात चंदना जिना एकेक पायरी करून उतरताना दिसली. सातव्या आठवड्यात सान्वीच्या आईने तिला वर बोलावलं. दोघी मुली गॅलरीत बसून तासभर चित्रं रंगवत होत्या. दंडावरचं यंत्र दिवसेंदिवस एकसारखे आकडे दाखवू लागलं. डॉक्टर म्हणाले, इतकी छान साखर मी क्वचित बघतो. चंदना झोपायची, खायची, हसायची. वर्गात तिच्या बाकावर आता तीन जणी दाटीवाटीने बसत. ती सुखी होती. पद्मजाने तिचं सुख नीट, बारकाईने तपासून बघितलं, आणि त्यात खोट काढता येईना.

डिसेंबरात पुन्हा गार दिवस आला. शनिवार होता, शाळा सुटली होती. पद्मजा चंदनाला घेऊन मैदानावरून फाटकाकडे चालली होती. मैदानावर कुणी नव्हतं. मध्येच पद्मजाची पावलं रेंगाळली. तिने कुठेच बघितलं नाही, काही बोलली नाही, फक्त उभी राहिली.

चंदनाने वर तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग दप्तर काढून भिंतीशी नीट टेकवून ठेवलं.

"तुला खेळायचंय का, आई?" तिने विचारलं. "चल, मी येते. तुझ्यावर राज्य."

ती पळाली. छान पळाली, तेच लांब पाय, तेच वळण. पद्मजा दुखऱ्या गुडघ्याने तिच्यामागे धावली. मैदानाला अर्धी फेरी झाली. आईचा श्वास चढलेला चंदनाने ऐकला असावा. तिने वेग कमी केला, आणखी कमी केला, आणि हात पोचेल एवढ्या अंतरावर येऊन ती थांबली. पाठमोरी, शांत, आईचा हात खांद्यावर पडण्याची वाट बघत.

पद्मजाने हात लावला.

"बरं वाटलं?" चंदनाने विचारलं. तिने आईला श्वास घेऊ दिला, दप्तर उचललं, आणि दोघी घरी निघाल्या.